पाठकोरी वही

आमच्या ह्यांना माझं सगळं ठाऊक होतं. माझा राग, माझा दमा, डाळीच्या डब्यात लपवून ठेवलेली माझी चॉकलेटं — सगळं. ही एक गोष्ट मात्र ते गेले तोवर त्यांच्या कानावर गेली नाही. मुलाला नाही सांगितली, बहिणीला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. मग आज तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. आणि तरी लिहायला बसण्याआधी मी दोनदा उठून दाराची कडी पाहून आले. घरात मी एकटीच आहे. कोण येणार आहे ऐकायला?

पण तसा स्वभावच आहे माझा. संशयी. दूध आलं की मी आधी बोट बुडवून पाहते. भाजीवाला वजन करतो तेव्हा माझं लक्ष काट्याकडे नसतं, त्याच्या करंगळीकडे असतं. शाळेत मी खडू मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, तुकडेसुद्धा. हे मला गमतीनं ‘फौजदारीणबाई’ म्हणायचे. मला ते आवडायचं, हे कबूल करते. मला कुणी फसवू शकत नाही, याचा मला फार अभिमान होता.

बरकतपुऱ्यात आमच्या मराठी मंडळाचा हॉल होता आणि त्याला लागून मराठी शाळा. शाळा सातवीपर्यंतच. पुढे आठवीला हायस्कूल गाठायचं, तेही बहुतेक इंग्रजी माध्यमाचं. म्हणजे सातवीपर्यंत ‘लघुत्तम साधारण विभाज्य’ म्हणणारं पोर दोन महिन्यांत ‘एल.सी.एम.’ म्हणायला लागलं पाहिजे. त्यातले चाळीस दिवस माझे होते. दर उन्हाळ्यात, मे महिना आणि जूनचे पहिले दहा दिवस, सकाळी आठ ते अकरा, मी हॉलमध्ये आठवीत जाणाऱ्या मुलांचा वर्ग घ्यायचे. गणित आणि इंग्रजी. चाळीसेक मुलं असायची — कुणी काचीगुड्याहून, कुणी नामपल्लीहून, कुणी थेट सिकंदराबादहून बसनं.

ती नव्वदनंतरची वर्षं. बाजार खुला झाला म्हणत होते, आणि आमच्या चौकात तो कसा खुला झाला ते आम्हाला दिसत होतं. दोन विजेच्या खांबांच्या मध्ये कापडी फलक लागले. ‘ब्रिज कोर्स’, ‘फाउंडेशन कोर्स’, आठवीपासून इंजिनिअरिंगची तयारी, कॉम्प्युटर फुकट. त्या फुकटातल्या कॉम्प्युटरवर वीस पोरं पाळीपाळीनं एक बटण दाबून येत होती. सफारी घातलेले संचालक घरोघर फिरून पालकांना चहा पीत पीत घाबरवत होते. त्यांची छापील, गुळगुळीत पुस्तकं. माझे पेपर हातानं लिहिलेले, स्टेन्सिलवर कोरून मंडळाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेले. मला खात्री होती की ही मंडळी माझे पेपर चोरणार. चोरण्यासारखं त्यात काय होतं, असं विचारू नका. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून माझी एक रीत होती. परीक्षा झाली की उत्तरांबरोबर प्रश्नपत्रिकासुद्धा परत घ्यायची. एकूण एक. मोजून, सुतळीनं बांधून गठ्ठे माझ्या घरी माळ्यावर. वर्षानुवर्षं.

आणि दुसरी एक रीत — ती आमच्या घराची, खरं तर तेव्हाच्या आपल्या सगळ्याच घरांची. एका बाजूनं वापरलेला कागद फेकायचा नाही. पाठ कोरी असते ना त्याची? मग पाठकोरे कागद जमवायचे, मधोमध दुमडायचे, गोधडीच्या दोऱ्यानं टाके घालायचे. झाली कच्ची वही. मंडळाच्या सभांच्या जुन्या नोटिसा, ह्यांच्या ऑफिसातले रद्द फॉर्म — दर एप्रिलमध्ये मी अशा चाळीस-बेचाळीस वह्या शिवायचे आणि पहिल्या दिवशी मुलांना वाटायचे. लाल दोरा, तीन टाके. मुलांना फार अप्रूप नव्हतं त्याचं. मला होतं.

त्या वर्षी वर्गात सुजाता वाघमारे आली.

काळीसावळी, लांब हाताची, कानाजवळ पेन्सिल खोचलेली मुलगी. नांदेडकडचं घर. वडील काशिनाथ वाघमारे सिकंदराबादला रेल्वेत खलाशी, म्हणजे अवजड कामाचे मजूर. नाव नोंदवायला आले तेव्हा आमच्या चिटणीसांना त्यांनी सवयीनं ‘जय भीम’ म्हटलं, मग थांबले, आणि हात जोडून ‘नमस्कार’ म्हटलं. चिटणीस फॉर्म शोधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

वाघमारे बोलके होते. स्टेशनवर आता तिकिटांचं रिझर्वेशन कॉम्प्युटरवर होतं, हे त्यांनी मला फार कौतुकानं सांगितलं. “काचेमागं पोरी बसत्यात बाई, निस्तं टकटक करत्यात, आन् साहेब लोक भी लायनीत हुभे ऱ्हात्यात. माझी सुजी तिथं बसावी, बस. दुसरं कायी नक्को मला.” त्यासाठी इंग्रजी हायस्कूल हवं, एवढं त्यांनी कुठून तरी पक्कं विचारून घेतलं होतं. आणि इंग्रजी हायस्कुलाची एक वाट माझ्या हातात होती. आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका माझ्या शब्दाला मान द्यायच्या. दर वर्षी मी पत्रानं दोन नावं कळवायची, आणि त्या मुलांना मुख्याध्यापिका प्रवेशपरीक्षेशिवाय आठवीत घ्यायच्या, फीसुद्धा माफ. वर्गाच्या शेवटच्या परीक्षेत पहिले दोन येतील त्यांची नावं. हा नियम मीच केलेला. वाघमाऱ्यांनी तो मला तीनदा विचारून घेतला.

वडिलांची पाळी सकाळची. ते सुजाताला साडेसहालाच हॉलवर सोडून जायचे. वॉचमन दार उघडून द्यायचा आणि वर्ग भरेपर्यंत दीड तास ती तिथे एकटी. त्याच हॉलमध्ये माझं कपाट. त्याचं कुलूप जुनं होतं, जरा हिसडा दिला की निघायचं.

माझ्या मनात तेव्हाच आलं. पहिल्याच आठवड्यात. ही मुलगी दीड तास करते काय?

एकदा मी मुद्दाम सातला गेले. ती खिडकीपाशी बसून कच्च्या वहीत काही लिहीत होती. मला पाहून दचकली, वही मिटली, उभी राहिली. दचकली म्हणजे लपवते आहे — मी लगेच ताडलं. कुठलीही मुलं बाईंना पाहून दचकतात, तीस वर्षं मी ती दचकवत आले होते. पण ते मला त्या वेळी आठवलं नाही. आणि आता जे लिहिते आहे ते लिहिणं अवघड आहे, पण ते सोडून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. चिटणीसांची भाची त्याच वर्गात होती. ती जर अशी साडेसहाला येऊन खिडकीत बसली असती, तर मी साऱ्या वर्गाला सांगितलं असतं, पाहा, किती अभ्यासू मुलगी आहे. मी जातपात मानत नाही, हे मी तेव्हा अगदी ठासून सांगत असे. कपाटाला मात्र मी दुसरं कुलूप घातलं ते त्याच दिवशी.

शेवटच्या परीक्षेचा पेपर मी काढला. वीस गणितं. त्यातली सहा तीन वर्षांपूर्वीच्या पेपरातून जशीच्या तशी उचलली. का? आळस. दुसरं काही कारण नाही. जुने पेपर सगळे माझ्याकडे सुतळीत बांधलेले, कोण पाहणार होतं?

त्या सहांतलं विसावं गणित माझं लाडकं. मीच रचलेलं. एका घराची पाण्याची टाकी. नळाला पाणी येतं एक दिवसाआड, हैदराबादेत येतं तसं. घरातली माणसं रोज ठरावीक बादल्या काढतात. आणि टाकीला मधोमध एक चीर — पाणी चिरेच्या वर असेल तोवरच गळतं, खाली गेलं की थांबतं. भरलेली टाकी किती दिवसांनी रिकामी होईल? मी स्वतः ते दिवसागणिक तक्ता मांडून सोडवायचे, पान भरायचं. तीन वर्षांपूर्वी एकाही मुलाला आलं नव्हतं. चांगल्या पेपरात असं एक गणित असावं, असं माझं मत होतं.

सुजाताला ते आलं. चार ओळींत. दोन-दोन दिवसांची जोडी धरून, आणि रिकाम्या टाकीपासून उलटं मोजत. उत्तर बरोबर. वीसपैकी वीस.

मी ती उत्तरपत्रिका किती वेळ हातात धरून बसले होते! आनंद झाला का मला? शिक्षिकेला व्हायला हवा ना? मला वाटलं — सापडली. दीड तास, कपाट, हिसड्यानं निघणारं कुलूप. पेपर काढला होता कपाटाला नवं कुलूप घातल्यावर, हेही मी सोयीनं विसरले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर डोळ्यांसमोर असून पाहिली नाही. चोरून पाहिलं असतं तर तिला माझी रीत सापडली असती. पानभराचा तक्ता. ही चार ओळींची रीत माझ्याकडे नव्हतीच. ती माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती.

कदाचित पाहिली असेल. कदाचित तोच राग असेल. आता कोण सांगणार?

शनिवारी वर्गाचा समारोप. पालक आलेले, सतरंज्या घातलेल्या, एका बाजूला सरबताची पातेली. समारोपाच्या आधी मी सुजाताला पुढे बोलावलं. एकटीला बाजूला घ्यायला हवं होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं. विसावं गणित तू आधी पाहिलं होतंस का?

“हो, बाई,” ती म्हणाली. एकदम, न घाबरता. उलट जरा खुशीतच, जणू मी तिला कसं सुटलं ते विचारणार आहे.

“कुठून मिळालं तुला?”

“तुम्हीच दिलं की, बाई.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वर तोंड करून उत्तर — पालकांच्या देखत! ती पुढे काही सांगत होती, ‘वहीत’ असं काहीतरी म्हणाली, पण मी तिला थांबवलं. मी म्हणाले, चोरी एक वेळ माफ करता येते, निगरगट्टपणा नाही. म्हणाले, हिचा पेपर रद्द. मागे दाराशी वाघमारे उभे होते, पाळी संपवून तसेच आलेले, खाकी कपड्यांत. ते पुढे आले नाहीत. त्यांनी फक्त मुलीकडे पाहिलं, आणि मुलीनं त्यांच्याकडे. मग मी दोन नावं वाचून दाखवली. दुसरं नाव चिटणीसांच्या भाचीचं होतं. ती तिसरी आली होती, आता दुसरी झाली. टाळ्या वाजल्या, सरबत वाटलं.

इथवरचं एखादा माफ करील. संशय आला, चूक झाली, माणूस आहे. मला माहीत आहे, कारण मी स्वतःला हेच पुष्कळ वर्षं सांगत होते. पण मी जे सांगायला बसले आहे ते हे नाहीच.

ते रविवारचं आहे.

रविवारी दुपारी मी वाण्याची यादी करायला कागद शोधत होते. वाटून उरलेल्या दोन कच्च्या वह्या खिडकीत पडल्या होत्या. एक उघडली, यादी लिहिली — हरभऱ्याची डाळ, साबण, मेथ्या — आणि पान फाडलं. फाडलेलं पान उलटं झालं. मागे माझं अक्षर. सायक्लोस्टाइलची ती जांभळट शाई. तीन वर्षांपूर्वीचा पेपर. खाली विसावं गणित: एका घराची पाण्याची टाकी.

मी दोन्ही वह्या उसवल्या. एकीत असे दोन पेपर होते, दुसरीत एक. मग माळ्यावर चढले. एक गठ्ठा कमी होता, आणि कसा कमी झाला ते मला उभ्या उभ्या समजलं. एप्रिलमध्ये वह्या शिवायला घेतल्या तेव्हा एका गठ्ठ्याच्या वरच्या चार-पाच कागदांवर सभेच्या नोटिसा होत्या. मी समजले, सगळा गठ्ठा नोटिसांचाच. खालचे कागद मी पाहिले नाहीत. साऱ्या जगाचे कागद तपासणारी मी. स्वतःचा गठ्ठा तेवढा तपासला नाही. आणि माझ्याच हातानं, लाल दोऱ्यानं, तीन टाके घालून, मी माझा पेपर वर्गात वाटला होता.

तुम्हीच दिलं की, बाई.

बाकीच्या मुलांनी कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि वह्या संपवल्या. तिनं पान उलटून पाहिलं होतं. तेवढंच.

वेळ होती. हे नीट ऐका, कारण मला हेच सांगायचं आहे. हायस्कूलला पत्र सोमवारी जायचं होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात पडलेलं होतं, पाकीटसुद्धा चिकटवलेलं नव्हतं. एक नाव खोडून दुसरं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पत्र काढलं. पेन उघडलं. आणि मग मला दिसलं, की उद्या चिटणीस विचारतील. पालक विचारतील. चौकातले सफारीवाले हसतील — बाईंचा पेपर बाईंनीच फोडला, वर पोरीला चोर म्हटलं. मी पेन मिटलं. जरा वेळानं पुन्हा उघडलं. त्या दुपारी मी किती वेळा ते पेन उघडलं आणि मिटलं, ते मला आठवत नाही.

पाचच्या सुमारास वाघमारे आले.

दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. पांढरा, इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात ती वही. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे धरलं. माझं अक्षर, माझी टाकी.

“बाई, लेकरू मनतंय ही वही तुम्हीच दिल्ती. मागं गणितं छापलेली हायेत. तिनं खेळ समजून सोडवली. जरा देखा. परेशान करायला नाई आलो मी, निस्तं एक डाव देखा.”

आता बोलायचं होतं. तीन शब्द — माझी चूक झाली. माझ्या मागच्या खिडकीत उसवलेल्या वह्यांचे कागद पडलेले होते. त्यांनी मान वाकडी केली असती तर त्यांना दिसले असते. मी दाराच्या मध्ये सरकले, ते दिसू नयेत म्हणून. आणि मी म्हणाले — माझा आवाज अगदी शांत होता, तो मला अजून ऐकू येतो — मी म्हणाले, “पान आमचंच आहे, वाघमारे. ते तिच्या वहीत कसं आलं, हेच तर मी काल विचारत होते. जुने पेपर कपाटात असतात. तिनं ते काढून वहीत शिवले.”

ते वहीकडे पाहत राहिले. “शिलाई तर सगळ्या वह्यांची अशीच हाय, बाई. लाल दोरा.”

“लाल दोरा कुठल्याही दुकानात मिळतो,” मी म्हणाले.

पाहिलंत? तयार होतं माझ्याकडे. विचार करावा लागला नाही. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडायची सवय. खोटं कसं बसवायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

वाघमाऱ्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “सुजी माझ्यापशी आजवर खोटं बोलली नाई. पर तुमी तर शिकवणाऱ्या. तुमी कशाला खोटं बोलताल?” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, अगदी कसून शोधला. नव्हता. ते खरंच स्वतःशी हिशेब लावत होते, दोघींपैकी कोण, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तो हिशेब माझ्या बाजूला झुकताना. “मंग मीच इचारतो तिला,” ते म्हणाले.

ते जायला वळले तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हणाले, वही इथे ठेवून जा, मंडळाचे कागद आहेत. त्यांनी वही माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाला एखादी वस्तू देतात तशी. आतून ह्यांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, एक पालक.

सोमवारी मी स्वतः जाऊन पत्र देऊन आले. नावं तीच.

वही मात्र मी वाचली. जाळण्यापूर्वी, फाडण्यापूर्वी गुन्हेगार पुरावा पाहून घेतो की नाही मला माहीत नाही, मी पाहिला. सुजातानं टाकीचं गणित अकरा वेळा सोडवायला घेतलं होतं. प्रत्येक वेळी वर तारीख. एके ठिकाणी अर्ध्यावर सोडून लिहिलं होतं, ‘चीर विसरले’. एके ठिकाणी टाकीचं चित्र काढलं होतं, आणि चिरेतून थेंब. अकराव्या वेळी त्या चार ओळी, आणि उत्तराभोवती चौकोन. त्यावरची तारीख मी नवा पेपर स्टेन्सिलवर कोरला त्याच्या नऊ दिवस आधीची होती. म्हणजे मला शंकेला जागाच उरली नाही. माझ्यासारखीला! सकाळचे ते दीड तास ती काय करत होती, तेही समजलं.

वही मी जाळली नाही. उन्हाळा होता. आमच्याकडे उन्हाळ्यात कागदाचा लगदा करून टोपल्या करायची पद्धत. कागद चार दिवस बादलीत भिजत घालायचे, कुटायचे, मेथ्यांचं पीठ घालायचं आणि पालथ्या पातेल्यावर थापायचं. मी त्या दोन वह्या आणि ती तिसरी अशा भिजत घातल्या. शाई सुटली, पाणी जांभळं झालं. छान झाली टोपली. अजून आहे. लसूण ठेवते मी तिच्यात.

नंतर मी घाबरून राहिले. कुणाला कळलं असेल का? चिटणीस पूर्वीसारखे हसत नाहीत असं वाटायचं. बसमध्ये कुणी कानाशी कुजबुजलं की माझ्याबद्दलच. एक-दोन पालकांनी मुलांना दुसरीकडे घातलं, तेव्हा मी महिनाभर त्यांच्या घरावरून जाणं टाळलं. ते बदली होऊन गेले होते, हे पुढे कळलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. कुणी संशय घेतला नाही माझ्यावर, एकानंही नाही. इतकी माझी पत होती.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी नाव नोंदवायला पुन्हा वाघमारे आले. मला ते फाटकातून येताना दिसले. मला वाटलं, भांडायला आले. बरोबर एक मुलगी होती — सुजाता नव्हे. तिची धाकटी बहीण, तशीच लांब हातांची. ती सातवी झाली होती.

वाघमाऱ्यांनी मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. मग तिला जरा लांब उभं केलं आणि आवाज उतरवून माझ्याशी बोलले. म्हणाले, मोठीला सिकंदराबादच्या सरकारी शाळेत घातलं. म्हणाले, “पयले लई दिवस नाईच मनायची, बाई. मार खाल्ला, जेवली नाई, तरी नाईच मनायची. मी बोलणंच सोडलं तिच्याशी. मंग एक दिवस आपूनच येऊन बसली माझ्यापशी, आन् हौ मनली. कपाटातून काढले मनली कागद. तुमच्यावर मी शक घेतला त्या दिवशी, दारात येऊन. माफ करा मला. हिला आधीच बजावून आणलंय, चोरी करायची नाई मनून.”

ते हात जोडून उभे होते. मी काय म्हणाले, ते ऐका.

मी म्हणाले, “असू द्या. लहान आहे ती. मी केव्हाच विसरले.”

मग मी हजेरीचं पुस्तक ओढलं आणि धाकटीचं नाव लिहिलं. त्या वर्षी वह्या मी कोऱ्या कागदाच्या शिवल्या, दोन्ही बाजूंनी कोऱ्या. प्रत्येक पान उलटून पाहिलं.